औषध चालते असे रिपोर्ट म्हणतो, मग आजार का उलटतो? बायोफिल्मविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्ह्याच्या गावातल्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे लघवी, रक्त, पू यांची कल्चर लावते, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाने मरतात हे पाहते. रिपोर्ट न्यायला रुग्ण स्वतः क्वचितच येतो. येतो त्याचा मुलगा, सून नाहीतर भाऊ. कागद हातात पडला की खिडकीशीच विचारणा सुरू होते: "मॅडम, यात हे इंजेक्शन चालतं असं लिहिलंय. तेच चालू आहे. मग ताप का हटत नाही?" बऱ्याचदा या प्रश्नाचे उत्तर ज्या शब्दात असते, तो रिपोर्टवर छापलेलाच नसतो. तो शब्द म्हणजे बायोफिल्म. पुस्तकी मराठीत त्याला जैवपटल म्हणतात, पण दवाखान्यात तसे कोणी म्हणत नाही, म्हणून मीही इथे बायोफिल्मच म्हणते. खिडकीशी दोन मिनिटांत सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहिले आहे. तुमच्या पेशंटचे औषध मात्र त्याचे डॉक्टरच ठरवतील.

बायोफिल्म म्हणजे नेमके काय?

माठ दोन-तीन आठवडे आतून घासला नाही तर हाताला बुळबुळीत लागतो. मोरीच्या जाळीखाली चिकट थर धरतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की एक लेप जाणवतो. या तिन्ही बायोफिल्मच. जंतू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, तिथेच वाढतात आणि आपल्याभोवती एक चिकट लगदा स्रवत राहतात. त्यात साखरेच्या लांबच लांब साखळ्या असतात, प्रथिने असतात, थोडे मेद असतात आणि फुटलेल्या जंतूंमधून सांडलेला डीएनएसुद्धा असतो. वजनाने पाहिले तर सगळ्यात जास्त पाणीच. ते पाणी काढून टाकले तर उरलेल्या कोरड्या ऐवजात जंतूंचा वाटा बहुधा एक दशांशाहूनही कमी भरतो. बाकी सगळे त्यांनी बांधलेले घर.

शाळेच्या पुस्तकात जंतू एकेकटा, पाण्यात सुटा पोहताना दाखवतात. आम्हीही प्रयोगशाळेत त्याला तसाच वाढवतो, कारण ते सोपे पडते. पण निसर्गात आणि शरीरातही तो बहुतेक ठिकाणी वस्ती करून राहतो. आमची चाचणी सुट्या जंतूची आणि आजार वस्तीचा, इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

ही अलीकडच्या काळातली गोष्ट आहे का?

नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अंतोनी फान लेवेनहूक याने १६८३-८४ च्या सुमारास स्वतःच्या दातांवरचा मळ खरवडून आपल्या भिंगाखाली पाहिला. त्यात वळवळणारे जीव दिसले, हे अनेकांना ठाऊक असते. त्याने पुढे केलेला प्रयोग मात्र कमी जणांना माहीत आहे. दातांवरून काढलेल्या मळात व्हिनेगर मिसळले की ते जीव मरत. पण व्हिनेगरने नुसती चूळ भरली तर मळाच्या बाहेरच्या अंगाचे तेवढे मरत, आतपर्यंत व्हिनेगर पोचत नसे. प्रतिजैविके यायला अजून अडीचशे वर्षे होती, आणि आजही आम्हाला छळणारी अडचण त्या माणसाने कागदावर उतरवून ठेवली होती. हे पत्र आठवले की मला दर वेळी नवल वाटते.

पुढे बराच काळ सुट्या जंतूंचाच अभ्यास झाला. १९७८ साली बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतू कसे चिकटून राहतात यावर लेख लिहिला, आणि तिथून या विषयाला खरा वेग आला.

वस्ती उभी कशी राहते?

आधी काही मोजके जंतू टेकतात. शरीरात घातलेल्या कोणत्याही नळीवर वा धातूवर रक्तातली, लघवीतली प्रथिने लगेच बसतात, आणि या अस्तरावर जंतूंना पकड मिळते. मग ते दुणावतात, लगदा स्रवतात. याच सुमारास आपण किती जण जमलो याचाही त्यांना अंदाज येऊ लागतो: प्रत्येक जंतू एक छोटा रेणू बाहेर सोडतो, गर्दी वाढली की त्या रेणूचे प्रमाण वाढते आणि एका मर्यादेपलीकडे सगळे मिळून वागणूक बदलतात. स्युडोमोनास एरुजिनोसा या जंतूत हा निरोप पाठवणारे जनुकच बिघडवले, तर वस्ती पातळ आणि सपाट राहते आणि साबणासारख्या द्रव्यानेही सुटून येते, असे १९९८ मध्ये दाखवले गेले. वस्ती जुनी झाली की तिच्यातले काही जंतू सुटून दुसरीकडे जातात. पेशंटला मधूनच थंडी वाजून ताप भरतो, तेव्हा अनेकदा हेच घडत असते.

म्हणजे औषध आत शिरत नाही, एवढेच ना?

सगळ्यांचा पहिला अंदाज हाच असतो. माझाही होता. पण तो अर्धाच बरोबर आहे.

काही औषधे खरोखर अडकतात. अमिकासिन, टोब्रामायसिन या जातीच्या औषधांवर धन विद्युतभार असतो. लगद्यातल्या डीएनएवर आणि काही साखळ्यांवर ऋण भार असतो. त्यामुळे औषध वाटेतच चिकटून बसते आणि आत पोचायला उशीर होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र याच लगद्यातून बऱ्यापैकी सहज पार होते, आणि तरीही आतले सगळे जंतू मरत नाहीत.

इथे २००० सालचा एक प्रयोग सांगितलाच पाहिजे. क्लेब्सिएला या जंतूच्या बायोफिल्ममध्ये अँपिसिलिन शिरत नव्हते, कारण हा जंतू अँपिसिलिन तोडणारे विकर (एन्झाइम) तयार करतो आणि वरच्या थरातच औषधाचा फडशा पडतो. संशोधकांनी हे विकर नसलेला क्लेब्सिएला घेतला. आता अँपिसिलिन वस्तीच्या तळापर्यंत पोचले. सुटा असताना हा जंतू त्याच औषधाने झटकन मरत होता. वस्तीत असताना, औषध अंगाला लागूनही, तो टिकून राहिला. म्हणजे दार उघडले तरी काम झाले नाही. कारण आणखी कुठेतरी होते.

ते कारण म्हणजे उपासमार आणि गुदमर. वस्तीच्या बाहेरच्या थरातले जंतू अन्न आणि प्राणवायू आधीच संपवतात, आतल्यांपर्यंत थोडेच उरते. आतले जंतू वाढ थांबवून पडून राहतात. आता आपली औषधे कशी काम करतात ते पाहा. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे जंतूची भिंत बांधली जात असताना तिच्यात खोट पाडतात. बांधकामच बंद असेल तर खोट कशात पाडणार? अमिकासिनसारखे औषध जंतूच्या आत ओढले जायला त्या जंतूचा श्वास चालू लागतो. प्राणवायू नसलेल्या थरात ते आत जातच नाही. आपली बहुतेक प्रतिजैविके धावपळ करणाऱ्या जंतूवर बेतलेली आहेत, निजलेल्यावर नाहीत.

त्याहूनही चिवट असे काही थोडे जंतू प्रत्येक वस्तीत असतात. १९४४ मध्ये आयर्लंडच्या जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकॉकस या जंतूवर पेनिसिलिन टाकले. जवळपास सगळे मेले, पण दर दहा लाखांत एखादा उरला. उरलेल्यांना पुन्हा वाढवले तर त्यांची संतती पेनिसिलिनला पहिल्यासारखीच बळी पडत होती. म्हणजे त्यांच्यात काही नवे जनुक आलेले नव्हते, औषध आले तेव्हा ते नुसते झोपेत होते. बिगर यांनी त्यांना 'पर्सिस्टर' नाव दिले. मी त्यांना तग धरणारे म्हणते. औषध थांबले की हेच जागे होतात आणि पुन्हा गाव वसवतात. आजार उलटतो तो इथून.

शिवाय वस्तीतले काही जंतू औषध बाहेर फेकणारे पंप जास्त चालवतात. स्युडोमोनासच्या वस्तीत तर टोब्रामायसिनला धरून ठेवणारी खास साखर तयार होते, म्हणजे औषध मुक्कामी पोचण्याआधीच बांधले जाते. या सगळ्याची बेरीज अशी की वस्तीतले जंतू मारायला सुट्या जंतूंपेक्षा दहापट ते हजारपट औषध लागू शकते. एवढी मात्रा माणसाला देता येत नाही. जंतूच्या आधी मूत्रपिंडे जातील.

मग याला 'रेझिस्टन्स' म्हणायचे का?

नेमके बोलायचे तर नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. रेझिस्टन्स, म्हणजे प्रतिरोध, जनुकांत असतो. तो जंतू सुटा असो की वस्तीत, औषधाला दाद देत नाही, आणि त्याची पोरेबाळेही देत नाहीत. बायोफिल्ममधला जंतू मात्र परिस्थितीमुळे तग धरतो. वस्ती मोडून त्याला मोकळा केला की तेच औषध त्याला मारते.

पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण एकीतून दुसरी जन्माला येते. वस्तीत जंतू एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे प्लास्मिड नावाची डीएनएची कडी एकाकडून दुसऱ्याकडे जायला सोयीचे होते. प्रतिरोधाची जनुके बऱ्याचदा याच कड्यांवर असतात. अशी कडी अंगात आली की जंतू अधिक चांगली वस्ती करू लागतो, हे २००१ मध्ये ई. कोलाय या जंतूत दिसले. त्यात भर म्हणजे आतल्या थरांना औषध मिळते तेही अर्धेमुर्धे, मरण्यापुरते नाही, पण ओळख होण्यापुरते. टोब्रामायसिनची अशी अपुरी मात्रा स्युडोमोनासला उलट जास्त बायोफिल्म करायला लावते, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. आणि २०१७ मधल्या एका प्रयोगात ई. कोलायला वारंवार अँपिसिलिन दिले, तेव्हा जंतूंनी आधी तग धरायला शिकून घेतले आणि खरा प्रतिरोध त्यानंतर आला. तग धरणाऱ्याला जगायला वेळ मिळतो, आणि त्या वेळात जनुकांत हवा तो बदल घडायची संधी मिळते.

२०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले असा अंदाज आहे. त्यातला बायोफिल्मचा वाटा वेगळा काढता येत नाही. पण अतिदक्षता विभागातून माझ्याकडे येणारे चिवट नमुने कुठून येतात ते मी पाहते: नळ्यांच्या टोकांवरून.

रिपोर्टमध्ये 'सेन्सिटिव्ह' लिहिलेले असताना औषध लागू का पडत नाही?

कारण आम्ही जंतू वस्तीतून उचलून, ताज्या अन्नावर, सुटा वाढवून मग त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतो. चकतीभोवती जंतू उगवला नाही तर 'सेन्सिटिव्ह' लिहितो. हे खोटे नसते. रक्तात सुटे फिरणारे जंतू त्या औषधाने मरतात, तापही उतरतो. पण नळीवर किंवा कृत्रिम सांध्यावर बसलेल्या वस्तीबद्दल ती चकती काहीच सांगत नाही. वस्तीवरच औषध तपासायच्या पद्धती संशोधनात आहेत, रोजच्या रिपोर्टात अजून नाहीत.

आणि कल्चर निगेटिव्ह आले तर?

जंतू नाहीतच असे समजू नका. चिकटून बसलेला जंतू नमुन्यात येतच नाही. काढलेला कृत्रिम सांधा ध्वनिलहरींनी हलवून वरचा थर सुटा केला आणि मग कल्चर लावले, तर २००७ च्या एका अभ्यासात जवळपास ७९ टक्के संसर्ग सापडले. नेहमीच्या पद्धतीने भोवतालच्या मांसाचे तुकडे घेतले तेव्हा ६१ टक्के सापडले होते. आणखी एक साधे कारण असते: नमुना देण्याआधीच प्रतिजैविक सुरू झालेले असते. शक्य असेल तिथे नमुना आधी, औषध नंतर.

वडिलांना लघवीची नळी आहे. दर महिन्याला कल्चरमध्ये नवा जंतू येतो. काय करावे?

हा प्रश्न माझ्या घरचा आहे, म्हणून थोडे जास्त लिहिते.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाल्यावर नळी घातली गेली. पहिले काही दिवस ती लागणारच होती. पण घरी आल्यावर ती अजून हवी आहे का, हे कोणी विचारले नाही. मीसुद्धा नाही, आणि माझा तर हाच धंदा. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा नळी तुंबली तेव्हा मी काढलेली नळी ब्लेडने उभी चिरली. आतून चुन्याची पुटे असावीत तसा पांढरा, खरखरीत थर होता. कल्चरमध्ये प्रोटिअस मिराबिलिस उगवला. हा जंतू लघवीतला युरिया फोडतो, लघवी अल्कधर्मी होते, क्षार साचतात आणि जंतूंच्या लगद्यात दगड धरतो. अशा थरात औषध काय करणार?

नळी घातलेल्या माणसाच्या लघवीत रोज साधारण ३ ते ७ टक्के शक्यतेने जंतू शिरतात. महिनाभरात बहुतेक सगळ्यांच्या लघवीत ते सापडतात. म्हणून नुसते कल्चर पॉझिटिव्ह आले, पण ताप नाही, थंडी नाही, ओटीपोटात दुखत नाही, माणूस नेहमीसारखा आहे, तर बहुधा प्रतिजैविक लागत नाही. दिले तर तो जंतू जातो आणि त्याच्या जागी अधिक हट्टी जंतू येतो. दर महिन्याला नवे नाव दिसते ते यामुळेच. ताप असेल तेव्हा मात्र वेळ दवडू नका. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा. पिशवीतली लघवी कल्चरला कधीही आणू नका. पिशवी कायम कमरेखाली टांगलेली असावी, नळीचा सांधा उगाच उघडू नये. आणि सगळ्यात आधी, नळी काढता येईल का हे विचारावे. बाबांची नळी पुढे निघाली. त्यानंतर लघवीचा संसर्ग एकदाच झाला आणि साध्या गोळ्यांनी गेला.

गुडघा बदलल्यानंतर संसर्ग झाला तर सांधा काढावाच लागतो का?

नेहमी नाही. शस्त्रक्रियेनंतर थोड्या आठवड्यांत संसर्ग लक्षात आला आणि सांधा पक्का बसलेला असेल, तर आतून साफ करून, सुटे प्लास्टिकचे भाग बदलून, लांब मुदतीची औषधे देऊन तो वाचवता येतो. वस्ती कोवळी असते तोवरची ही संधी आहे. म्हणून जखमेतून पाणी येत असेल तर "येतं थोडं" म्हणून घरी बसू नका. वस्ती जुनी झाली की बऱ्याचदा सांधा काढून, मध्ये प्रतिजैविक मिसळलेले सिमेंट ठेवून, काही आठवड्यांनी नवा बसवावा लागतो.

स्टॅफिलोकॉकसच्या अशा संसर्गात रिफांपिसिन हे औषध जोडीला देतात, कारण ते संथ वाढणाऱ्या जंतूवरही काम करते. १९९८ च्या एका लहान चाचणीत औषधे पूर्ण घेतलेल्यांपैकी रिफांपिसिन जोडलेले १२ पैकी १२ बरे झाले, नुसत्या सिप्रोफ्लॉक्सासिनवरचे १२ पैकी ७. पण रिफांपिसिन एकटे दिले तर जंतू फार लवकर त्याला प्रतिरोधी होतो. आपल्याकडे ते क्षयाचे मुख्य औषध आहे, त्यामुळे छातीत क्षय लपलेला नाही ना, हे आधी पाहणे आणखी गरजेचे.

मधुमेही पायाची जखम डॉक्टर पुन्हा पुन्हा खरवडतात. त्रास होतो. नुसत्या इंजेक्शनने भागणार नाही का?

बहुधा नाही. २००८ च्या एका अभ्यासात जुनाट जखमांपैकी ६० टक्क्यांत बायोफिल्म सापडली, ताज्या जखमांत ६ टक्क्यांत. मेलेले मांस आणि त्यावरचा लेप काढला की उरलेले जंतू एक-दोन दिवस उघडे पडतात आणि तेवढ्या काळात औषध चांगले लागू पडते. मग लेप पुन्हा धरू लागतो, म्हणून पुन्हा खरवडावे लागते. खरवडणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे, इंजेक्शन त्याच्या जोडीला. त्याबरोबर पायाला रक्तपुरवठा पुरेसा आहे का, साखर आटोक्यात आहे का आणि जखमेवर वजन पडत नाही ना, हे पाहिल्याशिवाय काहीच चालत नाही.

दातांवरचे कीटण हेसुद्धा यातच येते?

हो. आधी मऊ लेप धरतो, त्यात क्षार बसले की कीटण होते. मऊ असतो तोवर ब्रशने निघतो, कीटण झाल्यावर दंतवैद्याकडेच जावे लागते. नुसत्या माउथवॉशने चूळ भरून लेप जात नाही, लेवेनहूकच्या व्हिनेगरचे जे झाले तेच होते. हिरड्या सुजल्या म्हणून दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून खाणे तर पूर्ण वाया: कीटण जागेवरच राहते आणि पोटातले चांगले जंतू मारले जातात. मिश्रीने दात स्वच्छ होतात असे मानणाऱ्या बायका अजूनही भेटतात. ती तंबाखू आहे, तोंडाचा कर्करोग करते. सोडा.

ज्यांना हृदयाची कृत्रिम झडप आहे त्यांनी दात काढण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर सांगावे. हिरडीतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर वस्ती करू शकतात, आणि ती हटवायला साधारण सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते.

गाईला सारखी दगडी होते. त्याचाही संबंध आहे?

आहे. दगडी म्हणजे कासेची सूज. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कासेत वस्ती करतो. सडातून ट्यूब सोडली की सूज उतरते, दूध साफ दिसते आणि महिन्याभरात तोच सड पुन्हा कडक होतो. जुनाट दगडीत ट्यूबमागून ट्यूब सोडत गेल्याने जंतू हट्टी होतो आणि औषध दुधात उतरते. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवणे, आजारी गाईची धार शेवटी काढणे, गाय आटवताना पशुवैद्यकाकडून भाकड काळाचा उपचार करून घेणे आणि दूधयंत्राचे रबर वेळेवर बदलणे याने जास्त फरक पडतो. रबरातल्या भेगांत बायोफिल्म धरते. ट्यूब दिल्यावर जितके दिवस दूध घालू नका असे वेष्टनावर लिहिलेले असते, तितके दिवस ते डेअरीला घालू नका. वासरालाही पाजू नका.

हळद, मध, लसूण यांनी बायोफिल्म विरघळते असे वाचले. खरे का?

काचेच्या बशीत या पदार्थांतली काही द्रव्ये जंतूंचे निरोप अडवतात, वस्ती पातळ करतात. बशीत आणि शरीरात फार अंतर आहे. खाल्लेली हळद रक्तात इतकी कमी उतरते की नळीवरच्या वस्तीपर्यंत तिचा परिणाम पोचेल अशी आशा धरता येत नाही. निर्जंतुक केलेला, वैद्यकीय वापरासाठीचा मध काही जखमांवर डॉक्टर वापरतात. स्वयंपाकघरातल्या बरणीतला मध जखमेवर लावू नका.

काही नवे उपाय येत आहेत का?

येत आहेत, पण हळूहळू. लगद्यातला डीएनए तोडणारे विकर कोवळी वस्ती मोडते हे २००२ मध्ये स्युडोमोनासवर दिसले. असेच एक विकर सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसात चिकट कफ साचवणाऱ्या जन्मजात आजाराच्या रुग्णांना वाफेतून देतात, तिथे ते चिकट कफ पातळ करायला उपयोगी पडते. डायलिसिसच्या नळीत दोन वापरांच्या मध्ये तीव्र प्रतिजैविक किंवा अल्कोहोल भरून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे.

मला सगळ्यात उत्सुकता आहे ती फाजची, म्हणजे जंतूंना खाणाऱ्या विषाणूंची. काही फाज लगदा कापणारी विकरे सोबत घेऊनच येतात. या गोष्टीचा एक धागा भारतात आहे: १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी असल्याचे नोंदवले होते, आणि फाजची पहिली चाहूल म्हणून त्या नोंदीकडे अनेकदा बोट दाखवले जाते. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या एलियावा संस्थेत १९२३ पासून यावर काम चालू आहे. आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात मात्र हा उपचार इतक्यात मिळणार नाही, आणि 'फाजची बाटली' म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका.

सगळ्या बायोफिल्म वाईटच असतात का?

अजिबात नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात दगडांवर नाहीतर प्लास्टिकच्या तुकड्यांवर वाढलेल्या वस्त्याच घाण खातात.

दुकानातून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या तर काय बिघडते?

सुटे जंतू मरतात, बरे वाटते, वस्ती तशीच राहते आणि तिला औषधाची ओळख होते. प्रतिजैविकाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. ती पाहिली की चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. काही महत्त्वाची प्रतिजैविके २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन' मध्ये आहेत, त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराने तीन वर्षे ठेवायची असते. चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर चिडू नका, तो बरोबर वागतो आहे. आणि उलट टोकही गाठू नका: डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील तर खात्रीसाठी म्हणून दहा दिवस खाऊ नयेत.

पेशंट दवाखान्यात आहे. मी डॉक्टरांना काय विचारू?

शांतपणे आणि राउंडच्या वेळी विचारा, बहुतेक डॉक्टर नीट सांगतात. शरीरात कोणकोणत्या नळ्या आहेत, त्या कधी घातल्या आणि त्यातली आज कोणती काढता येईल? संसर्गाचे मूळ नळीवर, सांध्यावर किंवा साचलेल्या पुवात आहे का, आणि ते काढायचे ठरले आहे का? औषध बदलण्याआधी नमुना घेतला का? हे औषध किती दिवस चालणार? पेशंटजवळ जाण्याआधी आणि नळीला हात लावण्याआधी तुम्हीही हात धुवा, आणि भेटायला आलेल्या पाहुण्यांनाही सांगा. जुने सगळे कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून सोबत ठेवा. कोणता जंतू किती वेळा परतला हे त्या कागदांवरून पाच मिनिटांत कळते.